मामा तलावाला स्मारक म्हणायला हवे

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांचे बारा किल्ले आपल्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद योग्यच होता. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या या किल्ल्यांना असा मान मिळणे उशिराच झाले, असेही म्हणता येईल. मात्र राज्याचा नकाशा समोर घेऊन जागतिक वारशाचे ठिपके मांडत गेले तर वेगळेच चित्र दिसते. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून, घारापुरी १९८७ पासून, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून, पश्चिम घाटातली कास, कोयनेसारखी ठिकाणे २०१२ पासून, मुंबईच्याच गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ पासून आणि आता किल्ले. यातला एकही ठिपका विदर्भात पडत नाही. मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात, जिथे एका अंगाला वैनगंगा आहे आणि दुसऱ्या अंगाला कोकाचे जंगल, तिथल्या शाळकरी मुलाला जगातली प्रसिद्ध स्मारके विचारली तर तो पिरॅमिड, चीनची भिंत, ताजमहाल, रायगड सांगेल. त्याच्या जिल्ह्यातले एकही नाव त्या उत्तरात येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते. आमचाही अंबागड आहे, आमचाही सानगडीचा किल्ला आहे, आमचे पवनी तर मौर्यांच्या काळापर्यंत मागे जाते. मग आम्हालाच का वगळले? तक्रारीत तथ्य आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, तेव्हा सांची-भारहूतच्या पंक्तीतला विटांचा भव्य स्तूप आणि शिल्पांकित कठडे उजेडात आले. भंडाऱ्याच्या बाहेर हे किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न आहेच. खुद्द भंडाऱ्यातही तो विचारायला हरकत नाही. पवनीसाठी झगडायलाच हवे. पण किल्ला, स्तूप, राजवाडा या मोजपट्टीवर भंडारा जिल्हा कायम मागेच राहणार, कारण या जिल्ह्याचे सर्वांत मोठे ऐतिहासिक बांधकाम त्या मोजपट्टीत बसतच नाही. ते बांधकाम मातीचे आहे, ते कुणा एका जागी नाही, आणि ते आजही कामाला जुंपलेले आहे. ते म्हणजे इथले माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. या तलावांना आपण सिंचनाच्या सरकारी फायलीतून बाहेर काढून ऐतिहासिक स्मारकांच्या रांगेत मांडले पाहिजे.

आधी हे बांधकाम नेमके काय आहे ते नीट पाहू. पूर्व विदर्भात, मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, असे हजारो तलाव आणि त्याहून लहान बोड्या आहेत. यातले पुष्कळसे गोंडांच्या राजवटीतले किंवा त्यानंतरच्या शतकातले आहेत. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखालची जमीन द्यायची, अशी गोंड राजांची रीत सांगितली जाते. चांद्याकडे, म्हणजे चंद्रपुराकडे, अशा जमिनीला तुकूम म्हणत. ही हिकमत ज्यांनी कमावली त्यांत कोहळी समाज आघाडीवर होता आणि जिल्ह्याच्या उत्तरेकडे पोवारांनीही तलाव बांधले. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, पण सरळ रेषेत नव्हे. जमीन जशी वळेल तशी. जादा पाणी पाळ फोडून जाऊ नये म्हणून एका टोकाला सलंग ठेवायचा. पाणी सोडायला पाळीच्या पोटात तुडूम बसवायचे, त्यातून पाट काढायचे आणि ते बांध्याबांध्यांतून फिरवायचे. वरच्या तलावाच्या सलंगातून सुटलेले पाणी खालच्या तलावात, त्याचे आणखी खालच्या, अशी माळ लागलेली असते. आकाशातून पडलेला थेंब नदीला मिळेपर्यंत त्याला तीन-चार ठिकाणी थांबवायचे, एवढे साधे गणित. साधे दिसते खरे. पण दुर्बीण आणि नकाशे नसताना, डोळ्यांनी उतार ओळखून, ते सबंध मुलुखावर पसरवणे साधे नव्हते.

या रचनेची कसोटी दरवर्षी लागते. जिल्ह्याचे पीक धान. पाऊस भरपूर, पण तो बेभरवशाचा. परे टाकून झाले आणि ऐन रोवणीला पावसाने ताण दिला, तर बांधी भिजवायला पाणी लागते. आणि त्याहून अवघड वेळ येते ती पावसाळा उतरताना, जेव्हा भारी धान लोंबीवर असते आणि शेवटचे एक पाणी मिळाले तर पीक घरात येते, नाही तर तणसच हाती लागते. तलाव बांधणाऱ्यांनी त्या शेवटच्या पाण्यासाठी तलाव बांधले. बारमाही बागायतीचे स्वप्न त्यांनी पाहिलेच नव्हते. आजच्या भाषेत याला संरक्षित सिंचन म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. या पाण्याचे वाटप करायला गावात पाणकर असे. कुणाच्या बांधीला कधी पाणी सुटणार हे त्याच्या हाती. म्हणजे तलावाबरोबर एक कारभारही बांधला गेला होता, आणि दगडी वास्तूपेक्षा तो टिकवणे कठीण असते.

मोठेपणाच हवा असेल तर नवेगाव बांध पाहावा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भंडाऱ्यातच होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या फटी पाळी घालून बुजवल्या आणि एक सरोवर उभे केले. इंग्रजांच्या गॅझेटियरने त्याचा घेर सतरा मैल नोंदवला आहे. लोकांनी कोलू पाटलाला कोलासुर म्हणून देवपण दिले आणि तलावाभोवतालच्या सात बहिणींच्या डोंगरातल्या एका शिखरावर त्याचे ठाणे केले. ताजमहालाच्या कारागिराला देऊळ मिळाले नाही. इथे बांधणाऱ्याचे नाव लोकांनी ठेवले, सरकारने ते पाठ्यपुस्तकात घेतले नाही, एवढाच फरक.

आता प्रश्न येतो की मातीच्या पाळीला स्मारक म्हणणे ही निव्वळ भावनिक ओढाताण तर नाही? याचे उत्तर जगाकडे पाहिल्यावर मिळते. स्मारक म्हणजे काय, ही कल्पना जगातही एका जागी थांबलेली नाही. १९६० साली नाईल नदीवरच्या आस्वान धरणात अबू सिंबेलची देवळे बुडणार म्हणून युनेस्कोने मोहीम उघडली. देवळे कापून, उचलून उंचावर नव्याने जुळवली. त्या मोहिमेतून पुढे १९७२ चा जागतिक वारसा करार जन्माला आला. त्या सुरुवातीच्या वर्षांत वारसा म्हणजे मुख्यतः असेच काही: दगडात कोरलेले, राजाने किंवा धर्माने उभारलेले, पाहताक्षणी दिपवणारे. १९९२ साली मात्र याच व्यवस्थेने सांस्कृतिक भूदृश्य असा नवा प्रकार मान्य केला, म्हणजे माणसाने आणि निसर्गाने मिळून घडवलेला मुलूख. त्यानंतर १९९५ मध्ये फिलिपाइन्सच्या डोंगरउतारावरची भाताची खाचरे यादीत आली. २००० मध्ये चीनची दूजियांगयान सिंचन योजना आली, जी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधली गेली आणि अजून शेते भिजवते. २००६ मध्ये ओमानचे अफलाज, २०१६ मध्ये इराणच्या कनात. आणि २०१२ मध्ये बाली बेटावरचे सुबक, म्हणजे भातशेतीचे पाणी देवळांच्या साक्षीने वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटना आणि त्यांची खाचरे. सुबकचे वर्णन वाचताना भंडाऱ्याच्या माणसाला ते परके वाटणार नाही. वर तलाव, खाली बांध्या, मध्ये पाट, पाणी सोडणारा एक माणूस आणि पाळीवर एक देव. जगाने भातवाल्यांच्या पाणी-व्यवस्थेला पिरॅमिडशेजारी बसवले, त्याला आता तीस वर्षे होतील.

यावर एक आक्षेप असा की फिलिपाइन्सची खाचरे डोळ्याला सुंदर आहेत, बालीचेही तेच. आमच्या तलावांत पाहण्यासारखे काय आहे? बेशरमची झुडपे, गाळ, काठावर टाकलेला कचरा. आक्षेप खरा आहे, पण तो तलावाविषयी फारसे काही सांगत नाही. आपण तलावाचे काय केले एवढेच त्यातून कळते. सांचीचा स्तूपही १८२२ साली पोटातून खणून विस्कटलेला ढिगारा झाला होता. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी, भोपाळच्या बेगमांच्या पैशातून, तो नीट केला म्हणून आज आपण त्याची चित्रे भिंतीवर लावतो. स्टोनहेंजचे पडलेले दगड विसाव्या शतकात यंत्रांनी उभे केले गेले आणि काही काँक्रीटमध्ये बसवले गेले. प्रसिद्ध स्मारकांचे आजचे देखणेपण बऱ्याचदा निगराणीने मिळालेले असते. सौंदर्याची अट आधी आणि निगा नंतर, असे म्हणणे म्हणजे उलटी गंगा वाहवणे. शिवाय तलाव बांधणे ही विद्या होती, याचा दगडी पुरावा आपल्या दक्षिणेलाच आहे. आंध्रातल्या पोरुमामिल्ला तलावाच्या काठी १३६९ सालचा शिलालेख आहे. चांगल्या तलावाची बारा अंगे आणि सहा दोष त्यात सांगितले आहेत. आपल्या कोहळ्यांनी शिलालेख कोरले नाहीत. त्यांनी ती विद्या पाळीच्या वळणात ठेवली.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मालगुजारी ही शोषणाची व्यवस्था होती. १८६१ नंतर मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली आणि तलावही त्यांच्या नावावर चढले. पाळीवर माती टाकायला गावातल्या गरिबाला बोलावले जाई, आणि ते बोलावणे नेहमी मजुरीचे नसे. मग आज आपण त्या व्यवस्थेचे गुणगान करायचे का? नाही. पण स्मारक म्हणणे म्हणजे गुणगान करणे नव्हे. रोमचे कलोसियम गुलामांच्या रक्ताने रंगले होते आणि तरीही ते जपले जाते. जपले जाते म्हणूनच तिथे काय चालायचे ते सांगता येते. तलावांचा इतिहास लिहिला गेला तर त्यात मालगुजार येईल, त्याचबरोबर पाळ घालणारा कोहळी येईल, ज्याच्या राज्यात ही जमीन होती तो गोंड येईल, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात मासे धरणारा, कुठे कोणती वनस्पती उगवते आणि कोणता मासा कुठे अंडी घालतो हे जाणणारा ढिवरही येईल. आज यातल्या कुणाचेही नाव तलावाच्या काठी लिहिलेले नाही. असलाच तर दुरुस्तीचा खर्च आणि ठेकेदाराचे नाव सांगणारा एक फलक असतो.

इथे १९५०-५१ सालाकडे लक्ष द्यावे लागेल, कारण तलावांची आजची दुर्दशा तिथून सुरू होते. मध्य प्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाचे झाले. कायदा आवश्यकच होता. पण मालक गेला, त्याबरोबर निगा ठेवायची जबाबदारीही गेली, आणि तिच्या जागी कुणीच आले नाही. पुढे १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तलावांच्या कागदांनी तीन राज्यांची दप्तरे पाहिली. लोकांचे निस्तार हक्क, म्हणजे गावाचे वहिवाटीचे हक्क, कागदावर नोंदलेले होते, पण ते वाचणारे कमी होत गेले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, काठची जमीन महसूल खात्याकडे, आणि पोटात शिरलेले अतिक्रमण कुणाकडेच नाही. राजवाड्याचे असे चार वाटे झाले असते तर ओरड झाली असती. तलावाचे झाले तेव्हा कुणाला ते दिसलेही नाही, कारण तलाव कुणाच्याच यादीत वारसा म्हणून नव्हता.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वारसा म्हटले की बंदी आली. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांमुळे संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण. हा नियम मामा तलावाला लावला तर काठच्या गावाला घराचा कूड बदलायलाही परवानगी मागावी लागेल, आणि गाळ काढायलाही. तसे झाले तर लोक तलावाचा द्वेष करतील, आणि ते योग्यच असेल. म्हणून तलावांना त्या कायद्याखाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काम करणाऱ्या स्मारकाला काम करू देणे हेच त्याचे संरक्षण. दूजियांगयान इतकी शतके टिकले कारण दर हिवाळ्यात नदीपात्राचा गाळ उपसण्याची तिथे रीत होती. उलट फिलिपाइन्सची खाचरे २००१ साली धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. तरुण शेती सोडून शहरात गेले आणि खाचरांचे बांध ढासळू लागले. तिथून बाहेर यायला त्यांना २०१२ उजाडले. अशा वारशाला वापर थांबला की मरण येते.

पण वापर आणि ओरबाडणे यांतला फरकही सांगायला हवा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून किंवा जलयुक्त शिवारातून तलाव खोल केले जातात, तेव्हा ते निव्वळ टाकी समजून केले जातात. पोकलेन उतरते, तळ सपाट होतो, काठाचा उतार उभा कापला जातो. ज्या उथळ पाण्यात देशी वनस्पती वाढत, मासे अंडी घालत आणि सारस चरत, तो भागच जातो. ढोबळ हिशेबात साठा वाढतो, आणि तलाव कमी होतो. गोंदिया-भंडाऱ्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना आणि महिलांना सोबत घेऊन बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. दुरुस्ती कशी असते ते तिथे पाहायला मिळते. जुन्या देवळाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा द्यायला आपण विरोध करतो. तलावाला दिलेला तसाच गिलावा मात्र आपण विकास म्हणून खपवून घेतो.

राहता राहिला व्यवहारी आक्षेप, की गोसेखुर्दसारखी धरणे आल्यावर या तलावांची गरज काय? गोसेखुर्दला १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ मध्ये भूमिपूजन झाले, पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि खर्चाचा आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. धरण नको होते असे मी म्हणत नाही. वैनगंगेच्या पाण्यावर या जिल्ह्याचा हक्क आहेच. पण धरणाचे पाणी कालव्याच्या वाटेनेच जाते आणि कालवा सगळीकडे पोहोचत नाही. जिथे तो पोहोचत नाही तिथे आकाशाचे पाणी गावातच थांबवणारी व्यवस्था आधीपासून उभी आहे, तिची किंमत कधीच फेडून झाली आहे. तिला निवृत्त करण्यापूर्वी निदान तिचा हिशेब तरी मांडावा.

हे सारे अशक्य कोटीतले नाही, कारण महाराष्ट्रातच त्याची सुरुवात झालेली आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाची जागतिक वारसा सिंचन-रचनांची एक यादी आहे. शंभर वर्षांहून जुनी बांधकामे तिच्यात घेतली जातात. २०१८ मध्ये तेलंगणातल्या कामारेड्डीचा पेद्दा चेरुवू तीत आला, म्हणजे आपल्यासारखाच एक मातीचा तलाव. २०२० मध्ये वर उल्लेखलेला पोरुमामिल्ला तलाव आला, आणि त्याच वर्षी मालवण तालुक्यातला धामापूर तलाव, १५३० साली बांधलेला. या यादीत येण्यासाठी शंभर मीटरची बंदी लागत नाही, किल्ला लागत नाही, राजाही लागत नाही. लागते ती नोंद: कधी बांधला, कुणी बांधला, कसा चालतो, किती जमीन भिजते, कोण सांभाळतो. ही माहिती विस्कळीत रूपात गॅझेटियरमध्ये, निस्तार पत्रकात, गावच्या वहिवाटी नोंदणाऱ्या वाजिब-उल-अर्जमध्ये, आणि जे पाणकर अजून हयात आहेत त्यांच्या डोक्यात आहे. यातल्या शेवटच्या दप्तराची मुदत फार नाही.

म्हणून मागणी मोठ्या स्मारकाची नाही, छोट्या कामांची आहे. नवेगाव बांधचा प्रस्ताव राज्याच्या जलसंपदा विभागाने सिंचन आयोगाच्या राष्ट्रीय समितीमार्फत या यादीसाठी पाठवावा. भंडारा आणि गोंदिया जिल्हा परिषदांनी आपल्याकडच्या प्रत्येक तलावाची हद्द मोजून, पाळ, सलंग, तुडूम आणि पाट यांच्या मूळ जागा नकाशावर घेऊन, ते नकाशे ग्रामपंचायतीत लावावेत. गाळ काढण्याचे अंदाजपत्रक करताना तळाचा उतार आणि उथळ काठ राखण्याची अट त्यात लिहावी, आणि ते ठरवताना ढिवरांच्या संस्थेची सही घ्यावी. करडीसारख्या मोठ्या गावच्या ग्रामसभेला यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. परिसरातल्या गावांचे तलाव आणि बोड्या यांची यादी ती या उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर, मूळ पाळ कुठून कुठे होती आणि आज कुठे उरली आहे हे उघडे दिसत असतानाच करू शकते. पाऊस लागला की ते पुन्हा झाकले जाते, आणि रोवणीच्या दिवसांत कुणाला वेळ नसतो.